दोन काळे दोरे

श्रीनाथ जोंधळेने जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि पोट मात्र तो दारू गाळूनच भरत होता. ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत राहायचं, रोज सकाळी पाऊण तास गाडी हाणत वायुकूच्या पलीकडच्या एका शेतावर जायचं आणि घायपाताची दारू काढायची, हा त्याचा धंदा. घायपात म्हणजे आपल्याकडे बांधावर, रेल्वेच्या कडेला उगवतो तोच, जाड काटेरी पानांचा. मेक्सिकोत त्याच्या गड्ड्यापासून मेस्कल करतात. न्यूझीलंडमध्ये केलेल्या दारूला ते नाव लावता येत नाही, नावावर मेक्सिकोचा हक्क. म्हणून बाटलीवर नुसतं 'अगावे स्पिरिट' एवढंच छापलेलं असे. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : 'कट बाय नोज – श्रीनाथ जे.' म्हणजे या दारूची धार श्रीनाथने वासावर तोडली आहे.

ती ओळ दीड वर्षापासून खोटी होती. श्रीनाथला वास येत नव्हता.

धार तोडणं म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण या माणसाची सगळी इज्जत त्यावर उभी होती. भट्टीतून दारू सलग गळते, पण ती सगळी एकसारखी नसते. सुरुवातीची जहाल, मधली प्यायची आणि शेवटची पाणचट, ओल्या कुत्र्याच्या वासाची. आपल्याकडे 'पहिल्या धारेची' म्हटलं की पिणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं; इथे ती पहिली धार बादलीत जात असे. बादली कोणत्या क्षणी काढायची आणि खाली काचेचा बुधला कधी लावायचा, हे सांगायला नाक लागतं. थर्मामीटर अंदाज देतो, घड्याळ अंदाज देतं, पण खरं ते नाकच सांगतं.

असं निदान रेमीबाई म्हणत. रेमेदिओस त्यांचं पूर्ण नाव, वय एकाहत्तर, माहेर मेक्सिकोतल्या वाहाकाकडचं. त्यांचे वडील आणि आजोबा मेस्कल काढणारे. त्या ग्रॅहम नावाच्या इथल्या गोऱ्या शेतकऱ्याशी लग्न करून आल्या आणि तीस वर्षं गाईंचं दूध काढत राहिल्या. बायकोला घरची आठवण येते म्हणून ग्रॅहमने एक पडीक उतार निवडून घायपात लावला. तो तयार व्हायला बारा वर्षं गेली. मग बाईंनी गावाकडच्या पद्धतीने सगळं मांडलं. पानं छाटून गड्डे काढायचे. प्रत्येक गड्डा भल्या मोठ्या अननसासारखा, एका माणसाला उचलायला जड. जमिनीत खड्डा खणून, तळाला दगड तापवून, त्यावर गड्डे रचून, पोती आणि माती टाकून चार दिवस शिजवायचे. दगडी चाकाखाली ठेचायचे, लाकडी पिंपांत आपोआप आंबू द्यायचे आणि तांब्याच्या भट्टीतून दोनदा काढायचे. खड्ड्याचं काम शेजारच्या विरेमूकडे होतं. तो शाळेची बस चालवायचा, पण हांगीसाठी, म्हणजे माओरींच्या जमिनीत पुरून शिजवायच्या जेवणासाठी, दगड निवडण्यात त्याचा हात धरणारं त्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. आगीत फुटणारा दगड तो नुसत्या वजनावरून बाजूला टाकत असे.

आणि रेमीबाईंचा एक नियम होता. भट्टीवरच्या एकाही भांड्यावर चिठ्ठी नाही, नाव नाही, तारीख नाही. "ज्याला बुधल्यावर लिहावं लागतं, त्याने घरी जावं," असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. श्रीनाथ नोकरी मागायला आला, तेव्हा त्यांनी भोपळ्याच्या बारा वाट्या त्याच्यापुढे मांडल्या होत्या. त्याने एकही तोंडाला न लावता नुसत्या वासावर बाराही ओळीने लावून दाखवल्या. बाई म्हणाल्या, "पीत नाहीस?" तो म्हणाला, "आईला शब्द दिलाय." त्यांनी त्याला ठेवून घेतलं. दोन वर्षांनी लेबलावर त्याचं नाव आलं.

आईला शब्द का दिला, तीही गोष्ट इथेच सांगून टाकतो. श्रीनाथचे वडील राजाराम नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात फिटर होते. श्रीनाथ नऊ वर्षांचा असताना, दसऱ्याला बॉयलर पेटवायची पूजा झाली आणि कामगारांनी मागच्या शेडमध्ये आपली आपली पूजा केली. कुठून तरी स्पिरिटचा ड्रम आला होता. दोघे मेले. राजाराम वाचले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बायकोला म्हणाले, "अजून उजाडलं नाही का गं?" बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. नऊ वर्षांचा श्रीनाथ अंगणात दात घासत होता, आणि ते वाक्य त्याच्या कानातून पुढे कधीच गेलं नाही.

आईने, सरलाबाईंनी, त्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून त्याला कधी न पिण्याची शपथ घ्यायला लावली. त्याने ती पाळली. पण ज्या वस्तूने बापाचे डोळे नेले, त्या वस्तूत आहे तरी काय, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडेना. तो केमिस्ट्री शिकला, दुसऱ्या एका कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट झाला, मग शिकायला म्हणून न्यूझीलंडला आला आणि इथलाच झाला. भीती वाटते त्या गोष्टीपासून माणसं पळतात. हा गडी उलटा तिच्याच घरी राहायला गेला. बायको विनया कधीमधी चिडून त्याला तसं म्हणायचीही.

मग एका हिवाळ्यात घरात सगळ्यांना कोविड झाला. विनया आणि मुलगी सुरुची आठवड्यात बऱ्या झाल्या. श्रीनाथही बरा झाला, फक्त एके दिवशी तो गॅसपाशीच उभा असताना दूध करपून काळं झालं, आणि विनया दुसऱ्या खोलीतून ओरडत आली, "अरे, तुला वास येत नाहीये का?"

येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, परत येईल, वेळ लागेल. रोज चार वास घेत राहा. तेव्हापासून तो रोज सकाळी लवंग, हिंग, कॉफी आणि मेथी असे चार डबे उघडून नाकाशी धरी. चारही डब्यांत नुसती हवा होती. विनया दाराआडून बघायची आणि निघून जायची.

रेमीबाईंना त्याने सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता एक भट्टी निघाली. त्याने थर्मामीटर लावला, घड्याळ लावलं. बोरूच्या नळीने दारू ओढून ती वाटीत सोडली की वर मोत्यांसारखे बुडबुडे धरतात. ते किती वेळ टिकतात ते मोजलं. भीतीपोटी पहिली धार नेहमीपेक्षा दुप्पट फेकून दिली. लॅबचा रिपोर्ट चांगला आला. मग दुसरी भट्टी, तिसरी, चौथी. चारही रिपोर्ट चांगले. ग्रॅहम त्याच सुमाराला वारला आणि पाठोपाठ बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं; त्या शेडमध्ये फिरकेनाशा झाल्या. बेचाळीस वर्षांच्या, नाक गेलेल्या माणसाला भट्टीवर कोण ठेवील, या प्रश्नाचं उत्तर श्रीनाथला ठाऊक होतं, म्हणून तो तो प्रश्न कुणाला विचारत नव्हता.

त्याआधी, नाक शाबूत असताना, एक भट्टी मात्र वाईट निघाली होती, आणि ती त्याच्या चुकीने नव्हे. गड्डे छाटायला आलेल्या नव्या माणसांनी पानांचे बुडखे तसेच ठेवले. त्या दारूत मिथेनॉल निघालं, मर्यादेच्या खूप वर. राजारामांचे डोळे नेले तेच ते मिथेनॉल. बाईंनी ती फेकून दिली नाही. एक बुधला तांबं धुवायला म्हणून शेडमध्ये ठेवला. "हिरवी आहे ती," त्या म्हणाल्या, "कच्च्या पाल्याचा वास. नाक असलेल्याला लगेच कळतं."

नाक गेल्यावर श्रीनाथने त्या बुधल्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. खूण करायची तर लिहिता येत नव्हतं. लिहिलं तर बाई विचारणार, का रे बाबा? काळ्या दोऱ्याचं कुणी काही विचारलं नाही. त्याच्या मुलीच्या पायात काळा दोरा आहे, गाडीच्या आरशाला आहे. त्या लोकांची रीत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. घरच्या रिळाचा तो वीतभर दोरा त्याला वर्षभर पुरला.

मार्चमधल्या त्या शनिवारी ग्रॅहमने स्वतःच्या हाताने लावलेल्या शेवटच्या झाडांची दारू तयार होती. बाईंकडे अशा वेळी एक रीत होती. लॅबला नमुना जायच्या आधी, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सगळ्यांना घरच्यांसकट बोलवायचं. भट्टीवाल्याने बुधल्यातून वाटी भरायची, सगळ्यांसमोर वास घ्यायचा आणि मान हलवायची. मग पहिला घोट जमिनीला, दुसरा ज्याने खड्डा पेटवला त्याला, मग बाकीच्यांना आणि सगळ्यात शेवटी मालकिणीला. श्रीनाथ पीत नसे, पण त्याने मान हलवल्याशिवाय कुणी वाटीला ओठ लावत नसे. गेल्या दीड वर्षात ग्रॅहमचं दुखणं आणि बाईंचं ऑपरेशन यांत ही रीत राहून गेली होती, आणि श्रीनाथने देवाचे आभार मानले होते.

या वेळी बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं : "सगळ्यांना आण. वडील आलेत ना तुझे? त्यांनाही."

सरलाबाई गेल्या वर्षी वारल्या होत्या, आणि राजाराम तीन महिन्यांसाठी लेकाकडे आले होते. श्रीनाथने त्यांना सांगितलं होतं की आपण अर्काच्या फॅक्टरीत काम करतो, व्हॅनिला वगैरे. म्हाताऱ्याने मान डोलावली होती.

दुपारी अडीचला श्रीनाथ शेडमध्ये शिरला आणि दारातच थांबला. मधल्या टेबलावर दोन बुधले शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही अर्धेअर्धे भरलेले. दोघांच्याही गळ्यात काळा दोरा होता.

त्याने डोळे मिटून उघडले. दोरे दोनच होते. दोन्ही सारखेच नवे; जुना मळला म्हणून त्याने आपला दोरा कालच बदलला होता. 

"विनया!" त्याने हाक मारली. ती अंगणात कोथिंबीरवड्यांचे ट्रे लावत होती, हात पुसत आत आली.

"काय रे? किती जोरात ओरडतोस!"

"हा दोरा कुणी बांधला?"

"मी. तू एकालाच बांधला होतास, दुसरा तसाच. म्हटलं, आज इतके लोक येणारेत, दृष्ट लागायला कितीसा वेळ लागतो? पर्समध्ये रीळ होतंच, बांधून टाकला." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "का? काय झालं?"

"कुठल्याला बांधलास?"

"म्हणजे? दोन्ही सेमच तर आहेत. शेल्फवर ट्रे ठेवायचे म्हणून विरेमूने दोन्ही खाली काढले. मी बांधला तेव्हा तो डावीकडे होता... नाही, त्याने नंतर टेबल सरकवलं. श्री, तू असा पांढरा का पडलायस?"

त्याने सांगितलं. विनयाला नाकाचं ठाऊक होतं, दोऱ्याचं नव्हतं. ती मटकन स्टुलावर बसली. मग उठून तिने दोन्ही बुधल्यांची बुचं काढली आणि आळीपाळीने वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते वासाने.

"मला दोन्ही सारखेच येतायत रे. नेलपॉलिश रिमूव्हरसारखे. मला मळमळायला लागलंय."

श्रीनाथने हायड्रोमीटर बुडवून पाहिला. तो दारूचं प्रमाण सांगतो, तिची जात सांगत नाही. दोन्हीकडे तो जवळजवळ एकाच खुणेवर तरंगला. बोरूची नळी घेऊन मोती पाडून पाहिले. दोन्ही वाट्यांत सारखेच मोती धरले आणि सारखेच विरले. त्याने नळी खाली ठेवली.

"रेमीला सांग," विनया म्हणाली.

"काय सांगू? की चार भट्ट्या मी डोळे झाकून काढल्या? लेबलवर छापलंय ते खोटं आहे?"

"मग म्हण की आज नको. पोटात दुखतंय म्हण."

"ग्रॅहमची शेवटची झाडं आहेत. ती स्वतः भरून देईल."

बाहेरून विरेमूचं खदाखदा हसणं ऐकू आलं. तीन वाजता वाटी पहिल्यांदा त्याच्याच हातात जाणार होती. सत्तरीचा माणूस, सोमवारी सकाळी चाळीस पोरांना बसमधून शाळेत नेणार होता. श्रीनाथला एकाएकी वाटलं, टेबलाला धक्का द्यावा. दोन्ही बुधले फुटतील, कुणाला काही कळणार नाही. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. बारा वर्षं वाढलेली झाडं, मेलेल्या माणसाने लावलेली, आणि ती म्हातारी काठी टेकून बाहेर वाट बघत बसलेली. त्याचे हात उचललेच जाईनात.

तेवढ्यात दाराशी काठी वाजली. सुरुचीच्या खांद्यावर हात ठेवून राजाराम आत येत होते.

"डॅड, आजोबा सेड ही वॉन्टेड टू सी युवर वर्क," सुरुची म्हणाली. विनयाने तिला हाताला धरून बाहेर नेलं आणि जाताना दार लोटून घेतलं.

राजाराम उभ्या उभ्याच हवा हुंगत राहिले. "बाहेर गुऱ्हाळाचा वास येतो," ते म्हणाले. "आतमधी नाही. ही भट्टी हाये ना रे?"

श्रीनाथ पुढे झाला. "अण्णा, मी तुम्हाला..."

"आलो त्याच दिवशी कळलं मला. तुझ्या शर्टाला येतो वास. तीस वर्सं मी या वासापासून लांब राहिलोय, मला नाही कळायचा?" म्हातारा रागावलेला नव्हता. "तू नाही बोलला, मग मीबी नाही बोललो."

पंधरा मिनिटं उरली होती. श्रीनाथने बापाला स्टुलावर बसवलं आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून सगळं सांगितलं : नाक, दोरा, मिथेनॉल. तो शब्द ऐकला तेव्हा राजारामांचा जबडा एकदा हलला. मग श्रीनाथने दोन वाट्या भरल्या, एक डाव्या बुधल्यातली, एक उजव्या. आयुष्यात कधी करावं लागेल असं वाटलं नव्हतं, ते तो करत होता. ज्या माणसाचे डोळे दारूने नेले, त्याच्याच हातात तो दारू देत होता.

"पिऊ नका. नुसता वास घ्या. एकीला हिरव्या पाल्याचा वास असेल, कच्चा. ती वाईट."

राजारामांनी डावी वाटी नाकाशी धरली, मग उजवी, मग परत डावी. एक थेंब सांडला नाही.  बाहेर खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

"ही डावी गोड हाये. काकवीवानी," ते शेवटी म्हणाले. "उजवीत हिरवं हाये कायतरी. कच्च्या पेरूवानी. ही उजवी वाईट."

श्रीनाथच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्याला रडू फुटायला आलं. उजव्या बुधल्यावर त्याने पोतं टाकलं. डाव्या बुधल्यातून मोठी वाटी काठोकाठ भरली. आता बाहेर जायचं, नाकाशी धरायची, मान हलवायची. कुणाला काही कळणार नव्हतं. सोमवारी नवा दोरा बांधता येईल, नाहीतर दुसरी काही खूण.

"थांब," राजाराम म्हणाले. त्यांनी चाचपून त्याचं मनगट पकडलं. "मी सांगितलं म्हणून देणार तू? एकाहत्तर वर्साचं नाक हाये माझं. ते चुकलं तर?"

"अण्णा, वेळ नाही आता."

"ऐक. तुझ्या आईलाबी मी हे कधी सांगितलं नाही." मनगटावरची पकड घट्ट झाली. "त्या दिवशी ड्रममधनं पहिला पेला सुपरवायझरनं माझ्या हातात दिला. मला वास आला व्हता, श्रीनाथ. रंगाच्या दुकानात येतो तसला. कळलं व्हतं मला की हे काय चांगलं नाही. पण समदे बघत व्हते. म्हणलं, आता नको म्हणलो तर हसतील. मी पिलो. माझं बघून ते दोघं पिले."

 तेहतीस वर्षं घरात एकच गोष्ट सांगितली जात होती, की बिचाऱ्याला कळलंच नाही. आई हेच सांगत मेली. आणि बाप रोज ते ऐकत बसला होता.

"श्रीनाथ!" बाहेरून बाईंची हाक आली.

तो वाटी घेऊन बाहेर आला. दहाबारा माणसं अर्धगोलात उभी होती. मधे खुर्चीत रेमीबाई, काठीवर दोन्ही हात ठेवून, ग्रॅहमची जुनी हॅट घालून बसल्या होत्या. विरेमूने शर्ट बदलला होता. "किया ओरा, ब्रो," त्याने माओरीत नमस्कार केला, "घसा कोरडा पडलाय." सगळे हसले आणि मग गप्प झाले, कारण आता वास घ्यायची वेळ होती.

श्रीनाथने वाटी नाकाशी नेली. काही नव्हतं. नुसती गार हवा. समोर विरेमू हात पुढे करून उभा होता. आपली मान किती हलकी आहे आणि ती हलवणं किती सोपं आहे, हे श्रीनाथला त्या क्षणी लख्ख कळलं. सगळे बघत होते.

"मला वास येत नाही," तो म्हणाला.

कुणाला वाटलं दारूबद्दल बोलतोय. विरेमू म्हणाला, "मग मी सांगतो ना, दे इकडे." त्याने वाटीला हातही घातला.

"नाही! सोड!" श्रीनाथ ओरडला. वाटीतली थोडी दारू दोघांच्या हातावर सांडली. "मला कशाचाच वास येत नाही. दीड वर्ष झालं. यात काय आहे, मला माहीत नाही. चांगली कुठली, वाईट कुठली, मला माहीत नाही."

बाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला आणि कुणी हात दिला नाही, कारण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. "किती भट्ट्या?" त्यांनी विचारलं.

"चार. आणि ही पाचवी."

त्या काठी टेकत शेडमध्ये गेल्या. श्रीनाथ वाटी धरून मागून गेला. राजाराम आत भिंतीला टेकून उभे होते. बाईंनी पोतं बाजूला केलं, उजव्या बुधल्याशी वाकल्या, मग डाव्या. डाव्यापाशी पुन्हा वाकल्या. बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि लगेच जमिनीवर थुंकल्या. पदर असता तर त्यांनी तोंड पदराने पुसलं असतं. त्यांनी बाहीने पुसलं.

"ही," त्या म्हणाल्या, आणि काठीने डावा बुधला दाखवला. "दोन वर्षं काचेत राहून हिरवा वास दबलाय. वरून गोड झालीय. पेरूसारखी आहे ती दुसरी, ती माझ्या ग्रॅहमची."

श्रीनाथच्या हातातली वाटी डाव्या बुधल्यातली होती. दारात उभ्या असलेल्या विरेमूला तेवढं पुरेसं होतं. तो आत आला, त्याने श्रीनाथच्या बोटांतून वाटी अलगद सोडवून घेतली, मागच्या कुंपणापर्यंत चालत गेला आणि ती उपडी केली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "मी एका घोटात घेतो, ब्रो," तो म्हणाला. "नेहमीच."

राजारामांना इंग्रजी येत नव्हतं. ते म्हणत होते, "काय म्हणली रे बाई? काय म्हणली?" आणि कुणी त्यांना उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी कुणी प्यायलं नाही. विनयाच्या कोथिंबीरवड्या ट्रेमध्ये गार झाल्या. माणसं पांगली. बाई खुर्चीत बसून राहिल्या आणि निघताना श्रीनाथ समोर जाऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

"गोदामात चारशे बाटल्या आहेत," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीवर तुझं नाव आहे. सोमवारी ये आणि स्वतःच्या हाताने सोलून काढ. विकल्या गेलेल्यांचं पत्र मी लिहीन, सही तुझी." मग त्या म्हणाल्या, "आणि येताना खडू आण. बुधल्यावर लिहायला."

परतीच्या वाटेवर श्रीनाथ गाडी चालवत होता. सुरुची झोपली होती. पुकेकोहे मागे पडलं, कांद्याची शेतं मागे पडली. मागच्या सीटवरून राजारामांनी विचारलं, "श्रीनाथ, मी सांगितलं ते बरोबर व्हतं ना?"

विनयाने शेजारून पटकन त्याच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. नको सांगूस, असं ती म्हणत होती. म्हाताऱ्याचं वय, एकदा केलेल्या चुकीचं ओझं, आणि आता हे दुसरं. श्रीनाथने नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"नाही अण्णा," तो म्हणाला. "तुमचं चुकलं. डावीच वाईट निघाली. माझ्या हातात तीच होती. पण मला वास येत नाही, एवढं मी सगळ्यांना सांगितलं, म्हणून कुणी प्यायलं नाही."

 मोटरवे लागला. पापाकुराची पाटी गेली. मग म्हाताऱ्याचा हात सीटवरून चाचपत पुढे आला, आधी डोक्याच्या टेकूला लागला, मग श्रीनाथच्या खांद्यावर येऊन थांबला.

"त्या दिवशी मीबी एवढंच बोलायला पायजे व्हतं," राजाराम म्हणाले. "मला वास येतोय, एवढंच."

 टाकानिनीचा फाटा येईपर्यंत त्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही.